हरलेला भिडू

अमेरिकेत दर चार वर्षांनी एक वाद हमखास रंगतो. प्रायमरीची धुळवड संपते, पक्षाचा उमेदवार ठरतो आणि मग पुढचा प्रश्न येतो. उपाध्यक्षपदासाठी सोबत कोणाला घ्यायचं? त्यातला खमंग भाग म्हणजे, कालपर्यंत जो तुम्हाला टीव्हीवर नालायक म्हणत होता, त्यालाच घ्यायचं का?

आपल्याला हे जरा विचित्र वाटतं. आपल्याकडे तिकिटं बहुतेक वेळा बंद दाराआड ठरतात, त्यामुळे पक्षातलं भांडण बाहेर आलं की त्याला आपण बंडखोरी म्हणतो. तिकडे हे भांडण रीतसर, तारखा लावून होतं. एकाच पक्षाचे लोक महिनोन्‌महिने राज्याराज्यांत फिरून एकमेकांची पिसं काढतात आणि नंतर त्यातलेच दोघे एका स्टेजवर हातात हात घालून उभे राहतात. लोक टाळ्याही वाजवतात!

यावरच्या चर्चेत नेहमी गणितच मांडलं जातं. याचं अमुक राज्य, त्याची तमुक मतं, बेरीज किती? मी बरेच दिवस हेच गणित खरं मानत होतो. पण जुने किस्से एकापाठोपाठ एक वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की प्रश्न मतांचा कमी आणि खुर्चीचा जास्त आहे. कसं ते सांगतो.

सुरुवातीला तर हरलेल्याला सोबत घेणं सक्तीचंच होतं. मूळ राज्यघटनेत नियम असा की इलेक्टोरल मतांमध्ये पहिला येईल तो अध्यक्ष आणि दुसरा येईल तो उपाध्यक्ष. कागदावर किती छान वाटतं! १७९६ मध्ये जॉन ॲडम्सला ७१ मतं पडली, थॉमस जेफरसनला ६८. झालं, विरोधी गटाचा नेताच उपाध्यक्ष. मग व्हायचं तेच झालं. १७९८ मध्ये ॲडम्सच्या पक्षाने परदेशी लोकांविरुद्ध आणि सरकारवर टीका करणाऱ्यांविरुद्ध कडक कायदे केले, तेव्हा केंटकी राज्याने त्याविरुद्ध ठराव केला. त्या ठरावाचा मसुदा गुपचूप लिहिला होता खुद्द उपाध्यक्ष जेफरसनने!

पुढे १८०० च्या निवडणुकीत तर जेफरसन आणि त्याचाच सहकारी ॲरन बर यांना सारखी ७३ मतं पडली आणि तो गुंता सोडवायला प्रतिनिधीगृहाला ३६ वेळा मतदान करावं लागलं. शेवटी १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन्ही पदांसाठी वेगळी मतं द्यायची पद्धत पडली. म्हणजे सक्तीचा प्रयोग बारा-पंधरा वर्षांत आपटला. तिथून पुढे प्रश्न उरला तो खुशीने घ्यावं का, एवढाच.

आता या विषयातली सगळ्यात गाजलेली जोडी. जुलै १९६०, लॉस एंजेलिस, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. जॉन केनेडी ४३ वर्षांचा. विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनिया या प्रायमरींमध्ये त्याने ह्युबर्ट हम्फ्रीला हरवून मैदानाबाहेर काढलेलं. (हे हम्फ्रीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) दुसरा मोठा प्रतिस्पर्धी टेक्सासचा लिंडन जॉन्सन. सिनेटमधला बहुमताचा नेता, कोणाकडून मत कसं काढायचं यात तरबेज. तो प्रायमरीच्या भानगडीत पडलाच नाही, थेट अधिवेशनात बाजी मारू असा त्याचा हिशोब. त्याच्या माणसांनी केनेडीला ॲडिसनचा आजार आहे असं पत्रकारांसमोर सांगून टाकलं. (ते खरं होतं. केनेडीच्या लोकांनी साफ नाकारलं, ते खोटं होतं.) स्वतः जॉन्सनने केनेडीच्या वडिलांचा हिटलरबाबतचा जुना नरमपणा काढला. थोडक्यात, प्रकरण बापापर्यंत गेलं होतं.

१३ जुलैला मतदान झालं. केनेडी ८०६, जॉन्सन ४०९. दुसऱ्या दिवशी सकाळी केनेडी हॉटेल बिल्टमोरमध्ये दोन मजले खाली उतरून जॉन्सनच्या खोलीत गेला आणि उपाध्यक्षपदाविषयी बोलला. कामगार संघटना भडकल्या. दुपारी धाकटा भाऊ रॉबर्ट खाली आला आणि जॉन्सनने माघार घ्यावी म्हणून गळ घालू लागला. तो थोरल्याच्या सांगण्यावरून आला होता की स्वतःच्या मनाने, यावर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं. जॉन्सनने रॉबर्टला मरेपर्यंत माफ केलं नाही, एवढं मात्र नक्की.

आता गणित बघू. नोव्हेंबरमध्ये केनेडी सुमारे १ लाख १३ हजार मतांनी जिंकला, इलेक्टोरल मतं ३०३ विरुद्ध २१९. टेक्सास जेमतेम ४६ हजारांनी मिळालं. 'टेक्सास नसतं तर केनेडी हरला असता' असं सर्रास ऐकू येतं. पण टेक्सासची २४ मतं वजा केली तरी २७९ उरतात आणि बहुमताला हवी होती २६९! म्हणजे एकट्या टेक्सासने काही केलं नाही. टेक्साससोबत नॉर्थ कॅरोलिनासारखं दक्षिणेतलं आणखी एखादं राज्य गेलं असतं, तर मात्र खेळ खलास होता. जॉन्सनचा उपयोग झाला तो दक्षिणेतली बरीच राज्यं धरून ठेवायला. मतांपुरतं बोलायचं तर हा सौदा यशस्वीच.

पण निवडणूक संपली आणि जॉन्सनचं काम संपलं. पुढची तीन वर्षं हा माणूस वॉशिंग्टनमध्ये अक्षरशः शोभेचा झाला. अंतराळ परिषदेचं अध्यक्षपद, नोकऱ्यांमधल्या समान संधींची समिती, परदेश दौरे. ज्या माणसाला सिनेटची खडान्‌खडा माहिती, त्यालाच सिनेटमधल्या डावपेचांत फारसं विचारायचं नाही! ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आलं. मोठ्या बैठकांना जॉन्सन हजर होता. पण २७ तारखेच्या संध्याकाळी ओव्हल ऑफिसमध्ये मोजक्या लोकांनी ठरवलं की तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घेऊ असं रशियाला गुपचूप सांगायचं. त्या मोजक्यांत उपाध्यक्ष नव्हता. जगाला दिसलं ते एवढंच, की अमेरिकेने डोळे वटारले आणि रशिया मागे हटला. देवघेव झाली होती हे पडद्याआडच राहिलं.

आणि तेरा महिन्यांनी, २२ नोव्हेंबर १९६३ ला, डल्लासमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि तोच जॉन्सन अध्यक्ष झाला.

आमच्या धंद्यात एक म्हणणं आहे. ज्या बॅकअपमधून कधी रिस्टोअर करून पाहिलेलं नाही, तो बॅकअप नसतोच. मेन सर्व्हर पडतो त्या रात्री कळतं की बॅकअपची टेप तीन महिने जुनी आहे. केनेडीने बॅकअप तगडा निवडला होता, पण सिंक करायचं सोडून दिलं.

तगडा होता हे लगेच दिसलं. केनेडीचं अडकलेलं नागरी हक्क विधेयक जॉन्सनने सिनेटमधला सगळा अनुभव पणाला लावून २ जुलै १९६४ ला कायद्यात आणलं. १९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा आणि मेडिकेअर. दक्षिणेतल्या माणसाने हे करणं ही साधी गोष्ट नव्हती. प्रतिस्पर्ध्याला घेतल्याचा हा नफा मतांच्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

पण सिंक नव्हतं त्याचं काय? क्युबाच्या त्या संध्याकाळी तो खोलीत असता तर व्हिएतनाममध्ये वेगळा वागला असता असं म्हणणं धाडसाचं होईल. त्याच्यामागे बरीच कारणं होती. पण वाकडी गोष्ट बघा. १९६४ मध्ये जॉन्सनने स्वतःचा उपाध्यक्ष निवडला तो ह्युबर्ट हम्फ्री. होय, तोच, वेस्ट व्हर्जिनियात हरलेला. ६१ टक्के मतं घेऊन जोडी निवडून आली. फेब्रुवारी १९६५ मध्ये हम्फ्रीने अध्यक्षाला एक सविस्तर टिपण पाठवलं. सारांश असा, की आपण नुकतेच दणदणीत जिंकलो आहोत, व्हिएतनाममधून पाय काढायचा तर राजकीयदृष्ट्या यापेक्षा कमी जोखमीचं वर्ष पुन्हा मिळणार नाही.

यावर जॉन्सनने काय करावं? त्याने हम्फ्रीला व्हिएतनामच्या बैठकांमधून बाहेर काढलं. बराच काळ. ज्याने स्वतः तीन वर्षं दाराबाहेर उभं राहण्याचा अपमान गिळला, त्यानेच दुसऱ्याला दाराबाहेर उभं केलं! हम्फ्रीला परत आत यायला मिळालं ते युद्धाचं जाहीर समर्थन करायला लागल्यावर. त्या युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांवर सैनिक गेले, व्हिएतनामी माणसं किती तरी पटींनी जास्त. १९६८ मध्ये जॉन्सन उभाच राहिला नाही, आणि हम्फ्री त्याच युद्धाचं ओझं घेऊन निक्सनकडून हरला.

आता दुसरी बाजू. १९७६ मध्ये रिपब्लिकन पक्षात जेराल्ड फोर्डने रोनाल्ड रेगनला ११८७ विरुद्ध १०७० मतांनी हरवलं. इतकी अटीतटी झाल्यावर दोघांनी एकत्र यावं असं अनेकांना वाटत होतं. पण रेगनकडून 'विचारूच नका' असा निरोप होता, आणि फोर्डलाही फार इच्छा नव्हती. बॉब डोल आला आणि फोर्ड कार्टरकडून थोडक्यात हरला.

चार वर्षांनी रेगनचीच पाळी आली. १९८० मध्ये जॉर्ज बुशने (थोरला) त्याला आयोवात हरवलं, त्याच्या आर्थिक धोरणाला 'वूडू' म्हणजे जादूटोणा म्हटलं. रेगनला तो मनातून आवडत नव्हता. डेट्रॉइटच्या अधिवेशनात पहिली पसंती चक्क फोर्डला होती. पण बोलणी अशी वाढली की दोन अध्यक्षांचं राज्य होतंय की काय असं वाटू लागलं. शेवटी रात्री उशिरा रेगनने बुशला फोन केला. पक्षाचा जाहीरनामा मान्य आहे का, एवढं विचारलं. बुश हो म्हणाला.

रेगनने ४४ राज्यं जिंकली, म्हणजे बुश नसता तरी तो आलाच असता. मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. बुशच्या प्रचाराचा प्रमुख जेम्स बेकर याला रेगनने चक्क आपला चीफ ऑफ स्टाफ केलं. विरोधकाचा सेनापती आपल्या दारावर! रेगनच्या जुन्या निष्ठावंतांचा जळफळाट झाला. शिवाय कार्टर आणि मोंडेल यांनी १९७७ मध्ये पाडलेले पायंडे रेगनने चालू ठेवले. उपाध्यक्षाला वेस्ट विंगमध्ये ऑफिस, आणि दर आठवड्याला दोघांचं एकत्र जेवण.

३० मार्च १९८१ ला रेगनवर गोळीबार झाला. बुश टेक्सासमध्ये होता. विमानाने परत आल्यावर हेलिकॉप्टर थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरवू असं सुचवलं गेलं. त्याने नकार दिला, तिथे फक्त अध्यक्ष उतरतात म्हणाला. आपल्या घराजवळ उतरला आणि गाडीने आला. मीटिंगमध्ये अध्यक्षाची खुर्ची रिकामी ठेवून स्वतःच्या खुर्चीत बसला. एक वर्षापूर्वी हीच खुर्ची मिळवायला तो राज्याराज्यांत फिरत होता!

म्हणजे प्रत्येक वेळी घ्यावंच का? तसंही नाही. २००४ मध्ये जॉन केरीने जॉन एडवर्ड्सला घेतलं, त्याचं नॉर्थ कॅरोलिना तरीही बारा टक्क्यांनी गेलं आणि निवडणूकही गेली. २००८ मध्ये ओबामाने हिलरी क्लिंटनला उपाध्यक्षपद दिलं नाही, पण परराष्ट्रमंत्री केलं. उपाध्यक्ष म्हणून घेतला तो आयोवात एक टक्काही न मिळवलेला जो बायडेन. मतांच्या गणितात शून्य! पण बायडेनने अट घातली होती की मोठ्या निर्णयांच्या वेळी मी खोलीत असणार. २००९ मध्ये अफगाणिस्तानात फौज वाढवायला त्याने कडाडून विरोध केला. ओबामाने ऐकलं नाही, ३० हजार सैनिक पाठवले. पण बायडेनला खोलीबाहेर काढलं नाही. हम्फ्रीचं काय झालं ते आठवा आणि फरक बघा. पुढे २०२० मध्ये बायडेननेही, वादसभेत आपल्यावर तुटून पडलेल्या कमला हॅरिसला सोबत घेतलं.

तर माझं मत असं. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला जरूर घ्यावं, पण राज्य मिळेल म्हणून नव्हे. त्याने तुमच्या विरोधात लढून दाखवलेलं असतं, म्हणजे त्याला तुमच्या चुका तोंडपाठ असतात आणि त्या तुमच्या तोंडावर सांगण्याची हिंमतही असते. तुमच्या आजूबाजूच्या होयबांमध्ये हे कोणाकडे असतं? पण त्या बदल्यात त्याला खोलीत बसू द्यायची तयारी हवी, तो नको ते बोलला तरीही. ती नसेल तर सरळ दुसरा माणूस बघावा. त्याला घेऊन दाराबाहेर बसवणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण खुर्ची कधी रिकामी होईल हे आधी कळत नाही. आणि ती झाली की दाराबाहेर बसलेलाच आत येतो.