वंशापलीकडचे दत्तक

पेशवाईत वतनदाराला दत्तक घ्यावयाचा तर हुजुरांची मंजुरी मिळवून सरकारात नजराणा भरावा लागे. कारण दत्तविधानाचे प्रयोजन वंश, पिंडदान आणि वतन यांचे रक्षण हे होते, निराधार अर्भकाचे संगोपन हे नव्हे. अशा समाजात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडून नाडलेल्या विधवांना प्रसूतीसाठी निर्भय आसरा दिला, पुढे काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या पुत्राला, यशवंताला, दत्तक घेतले आणि १८८७ च्या मृत्युपत्राने त्यालाच वारस ठरविले, हे त्यांचे कृत्य मला त्यांच्या ग्रंथरचनेइतकेच थोर वाटते. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्यासमवेत रुग्णसेवा करीत असतानाच सावित्रीबाईंना त्या रोगाने गाठले.