मृदेतील कीटकनाशक अवशेषांचे मापन
मृदेतील कीटकनाशक अवशेषांचे मापन म्हणजे मातीत उरलेले कीटकनाशक व त्याच्या विघटनातून बनलेली संयुगे यांचे प्रमाण ठरवणे. अवशेष ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात उतरवून वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांनी मोजले जातात.

खरी अडचण अवशेष द्रावकात उतरवताना येते. सेंद्रिय कर्ब व चिकणमाती ते घट्ट धरून ठेवतात. एकट्या पनवेल तालुक्यात डोंगरउताराची तांबूस माती, भातखाचरे व खाडीकाठची खार जमीन आढळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्रही पनवेल येथे आहे. म्हणून त्याच प्रकारच्या अवशेषमुक्त मातीत ठरावीक मात्रा मिसळून ती किती परत मिळते हे आधी तपासतात. साधारणपणे ७० ते १२० टक्के प्राप्ती ग्राह्य मानली जाते. अर्थात, ताजी मात्रा सहज सुटते, वर्षानुवर्षे मुरलेले अवशेष तितके सुटत नाहीत.

पनवेलजवळील रसायनी येथे हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात डीडीटीचे उत्पादन होत असे. भारतात शेतीसाठी त्याच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. हवेशीर मातीत डीडीटीचे मुख्यतः डीडीई, तर पाणी साचलेल्या भातखाचरात डीडीडी बनते. त्यामुळे केवळ डीडीटी मोजल्यास खाचराची माती प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ दिसते.