रिकामा गाभारा

हंपीच्या विठ्ठल मंदिरासाठी आमच्या सहलीच्या कार्यक्रमात पाऊण तास होता. त्यातला निम्मा दगडी रथापुढे फोटो काढण्यात गेला. पन्नासच्या नोटेवर तोच रथ छापलेला, त्यामुळे जो तो नोट हातात धरून उभा. सोलापूरच्या एक आजी मात्र थेट गाभाऱ्याकडे गेल्या. उंबऱ्यावर डोके टेकवून त्यांनी आत पाहिले आणि विचारले, ‘‘सर, देव कुठाय?’’

गाभारा रिकामा आहे. गाईडचे उत्तर तयार होते: कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती इथे आणली, भानुदासांनी ती परत नेली. आजींनी हात जोडले. सगळे पुढे निघाले.

इतिहास सांगायला म्हणून मी बरोबर होतो; मला गप्प राहवेना. बॅटरीच्या गाडीच्या रांगेत मी आजींना सांगितले, ‘‘कृष्णदेवरायाची कारकीर्द १५०९ ते १५२९. भानुदास हे एकनाथांचे पणजोबा. त्यांची ही कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’त आहे, पण तो ग्रंथ १७६२ चा. त्या काळातला पुरावा माझ्या वाचनात नाही. शिवाय १५६५ च्या लढाईनंतर हे शहर लुटले गेले. गाभारा रिकामा व्हायला तेवढेही पुरे.’’

‘‘म्हणजे विठोबा इथं आलाच नव्हता?’’

त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मला स्वतःचाच राग आला. पण खोटे बोलायचे नव्हते.

‘‘मूर्ती आली का, ते सांगता येत नाही. विठ्ठल मात्र इथे होता. एवढे मोठे देऊळ त्याच्याच नावाचे. पुरंदरदासांची कन्नड पदे ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेने संपतात. त्यांच्या नावाचा मंडप इथेच, नदीकाठी आहे.’’

‘‘मग तो दाखवला का नाही?’’

कार्यक्रमात नव्हता, एवढेच कारण होते. आजी रांगेतून बाहेर पडल्या. आम्ही दोघे तुंगभद्रेच्या काठाने चालत गेलो. मंडपात मूर्ती नव्हती, गर्दीही नव्हती. आजी खांबाला टेकून बसल्या आणि एक अभंग म्हणाल्या, पूर्ण.

परतलो तेव्हा बाकीचे उन्हात ताटकळले होते आणि चिडले होते. मी माफी मागितली. पुढच्या सहलीच्या कार्यक्रमात विठ्ठल मंदिराला दोन तास दिले. भानुदासांची कथा मी आजही सांगतो. कथा म्हणून, सालासकट.