दाब उतरत गेला तसा

सौदी अरेबियातल्या रास तनुरातलं घड्याळ नाशिकच्या अडीच तास मागे चालतं. २१ एप्रिल २०२१ ला तिकडे दुपारचे साडेबारा झाले तेव्हा इथे सकाळचे दहा वाजले होते. रिफायनरीच्या गावात आम्हा लोकांचा दिवस दाबाच्या काट्यांकडे बघण्यात जातो, म्हणून असेल, नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातल्या ऑक्सिजन गळतीची बातमी मी ‘टाकी फुटली’ म्हणून वाचूच शकलो नाही. टाकी फुटलीही नव्हती. पाइपातला दाब उतरला, आणि तो उतरल्याक्षणी जे राखीव आपोआप पुढे यायला हवं ते आलं नाही. रुग्णालयात नाही, आणि रुग्णांच्या छातीत तर ते आधीच संपलेलं होतं.

पुढच्या सगळ्या वेळा नाशिकच्या.

आठ-दहा दिवस आधी

कोरोनाचा रुग्ण पहिल्या दिवशी व्हेंटिलेटरवर जात नाही. ताप, अंगदुखी, मग आठवड्याच्या शेवटी बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा घसरायला लागतो. ज्यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने नाहीतर विडीने आधीच झिजलेली, त्यांची घसरण लवकर सुरू होते. घरात ‘दमा’ म्हणतात आणि डॉक्टर सीओपीडी, त्या आजारात श्वास घेण्यापेक्षा सोडण्याची अडचण मोठी. हवा आत अडकून राहते. अशा माणसाचं सॅच्युरेशन, म्हणजे बोटावरच्या यंत्राचा तोच आकडा, एरवीही ८८ ते ९२ च्या दरम्यान राखतात. फार ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यात विषाणूने सूज आणली की दोन उलट्या गरजा एकाच छातीत येतात. आधी साधा मास्क, मग पिशवीचा मास्क, मग बायपॅप, शेवटी ट्यूब. प्रत्येक पायरीला लागणारा ऑक्सिजन वाढत जातो.

जुन्या आजारात विषाणूची अशी भर आमच्या पूर्व प्रांताला नवी नाही. २०१३ च्या वसंतात इथल्याच अल-अहसामध्ये मर्सचा, म्हणजे आणखी एका कोरोना विषाणूचा, उद्रेक रुग्णालयांतून, विशेषतः डायलिसिसच्या खोल्यांतून पसरला. २३ पक्के रुग्ण, बहुतेकांना आधीचा कुठला ना कुठला जुना आजार. निम्म्याहून अधिक दगावले.

सोमवार, १९ एप्रिल, संध्याकाळ

कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. देशातली ही पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. राज्यात तेव्हा जो तो द्रव ऑक्सिजनच्या मागे होता.

बुधवार, सकाळ

रामनवमी. काळारामाचं दार भाविकांना बंद, रेमडेसिविरसाठी मेडिकलपुढे रांगा. कथड्यातल्या महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात खाटा १५०, आणि साधारण तेवढेच रुग्ण. जवळजवळ सगळे ऑक्सिजनवर, काही व्हेंटिलेटरवर. आवारात १३ किलोलिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी, काही आठवड्यांपूर्वीच बसवलेली. सिलिंडर वाहण्याची दगदग संपली म्हणून अशी टाकी सगळ्यांना हवीशी वाटते, आणि ते बरोबरही आहे. उणे १८३ अंशांखाली ठेवलेला एक लिटर द्रव उघड्यावर सुमारे ८६० लिटर वायू होतो.

पण टाकी आली की दीडशे माणसं एका नळीच्या टोकाला लागतात.

दुपारी बारानंतर

टाकीच्या जोडणीपाशी गळती सुरू झाली. आवारात पांढरा ढग पसरला. टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलेलं ते धुकं म्हणजे ऑक्सिजन नव्हे. ऑक्सिजन दिसत नाही. भोवतीच्या हवेतली वाफ त्या थंडीने गोठते आणि नेमकी ज्या व्हॉल्व्हवर हात टाकायचा तोच झाकून टाकते. हात पोचला तरी कातडी धातूला चिकटते. आणि ऑक्सिजनने भरलेल्या हवेत एक ठिणगी पुरते. अग्निशमन दलाची माणसं अशा ढगात शिरली.

साडेबाराच्या सुमारास

वॉर्डातल्या भिंतीवरच्या नळीत साधारण ४ बार दाब असावा लागतो. अडीच-तीनच्या खाली काटा गेला की व्हेंटिलेटर ओरडायला लागतो. व्हेंटिलेटर बंद पडले, असा एक गैरसमज आहे. यंत्र बंद पडलं नव्हतं, वीज होती. बऱ्याच व्हेंटिलेटरांत स्वतःचा पंखा असतो, तो खोलीतली हवा ओढून फुंकत राहतो. छाती वर-खाली होत राहते. फक्त आत जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन ८०-९० टक्क्यांवरून २१ वर येतो.

पुढची मिनिटं

धडधाकट माणसाची फुप्फुसं शुद्ध ऑक्सिजनने भरून घेतली, तर श्वास थांबल्यावरही त्याचं सॅच्युरेशन सात-आठ मिनिटं तग धरतं. भूल देणारे डॉक्टर याच साठ्यावर काम करतात. कोरोनाच्या न्यूमोनियात हा साठाच उरत नाही. फुप्फुसाच्या मोठ्या भागातून रक्त हवेला न भेटताच पुढे जातं. ९२ चे ८०, ८० चे ६० व्हायला फार वेळ लागत नाही, आणि त्या खाली हृदय दमतं.

मग अँबू, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने पिशव्या दाबल्या आणि माणसं जगवली. पण त्या रुग्णांची फुप्फुसं मुळात धड होती, स्नायू गेले होते. नाशकात उलट होतं. नळी कोरडी असताना अँबू कितीही दाबा, जाते ती खोलीतलीच हवा. सीओपीडीच्या रुग्णाला तर घाईत भराभर दाबलेली पिशवी घातच करते: आधीचा श्वास बाहेर पडायच्या आत दुसरा कोंबला जातो, छाती फुग्यासारखी ताठ होते, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब कोसळतो. सावकाश दाबायचं, सोडायला वेळ द्यायचा. शेजारच्या खाटेवर आकडा पन्नाशीला आलेला असताना हे कोण पाळणार?

नातेवाईक वॉर्डात धावले. जंबो सिलिंडर ओढत आणले गेले. काही रुग्ण दुसऱ्या रुग्णालयांत हलवले.

दुपार

गळती बंद झाली, पुरवठा सुरू झाला. तो किती वेळ खंडित होता याचे निरनिराळे आकडे आले, अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. वर सांगितलेल्या मिनिटांच्या हिशेबात या दोन आकड्यांत फरक उरत नाही.

संध्याकाळ

मृत २२. पुढे हा आकडा २४ झाला. मृतांच्या वारसांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर झाली, विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली, भद्रकाली पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारकडे खुलासा मागितला.

मला चौकशीपेक्षा एक गणित सुचत राहिलं. दीडशे रुग्ण, सरासरी मिनिटाला १० लिटर धरा. तासाला ९०,००० लिटर. एका जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,०००. म्हणजे तासाभराची बेगमी तेरा सिलिंडरांची. गोदामात ठेवलेल्या नव्हे, मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडर मुख्य नळीशी जोडणाऱ्या पाइपाला, जोडलेल्या, आणि मुख्य नळीचा दाब उतरताच माणसाची वाट न बघता उघडणाऱ्या. यात नवीन काही नाही. रुग्णालयांच्या गॅसवाहिन्यांच्या नियमांत दुसरा आणि तिसरा स्रोत लिहिलेलाच असतो. रिफायनरीत एका पंपाशेजारी दुसरा तयार नसेल तर आम्ही त्या लाइनला हात लावत नाही, आणि तिथून तर नुसतं तेल वाहतं.

शुक्रवार, २३ एप्रिल, पहाट

विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग. नाशिक पहिल्या पानावरून खाली सरकलं.

शनिवार, २४ एप्रिल

विशाखापट्टणमहून भरून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस तीन टँकर नागपूरला उतरवून उरलेले चार घेऊन नाशकात आली. त्याच सुमाराला इथून तासाभरावरच्या दम्माम बंदरातून चार क्रायोजेनिक टाक्यांत ८० टन द्रव ऑक्सिजन मुंद्र्याकडे निघाल्याचं जाहीर झालं. भारतातून इकडे प्रवेश फेब्रुवारीपासून बंद होता, घरी गेलो तर परतता येणार नाही म्हणून अडकलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या टाक्यांचे फोटो दिवसभर फिरले. ८० टन म्हणजे साधारण ७० किलोलिटर, झाकिर हुसेनमधल्यासारख्या पाच टाक्या भरून थोडा उरेल एवढा. यातला नाशिकला किती मिळणार, असं एकाने विचारलं. ते राज्यांच्या कोट्याप्रमाणे दिल्लीत ठरत होतं.