पेटींतली पेटी

कऱ्हाडच्या रेल्वे स्टेशनाला लागून, कृष्णेच्या पूर्वेस, ओगलेवाडी वसली आहे. १९१६ सालीं औंध संस्थानच्या आश्रयानें ओगले बंधूंनीं येथें कांचेचा कारखाना उभारला आणि त्यांतून बाहेर पडलेला प्रभाकर कंदील महाराष्ट्रांतल्या घराघरांत टांगला गेला. त्या काळीं कंदिलाची कांच तडकली म्हणजे घरच्या बाईपुढें जो प्रश्न उभा राही तो नवी कांच चांगली कीं वाईट, हा नसे. ती आपल्या कंदिलाच्या कड्यांत बसेल कीं नाहीं, हा असे. सूतभर मोठी कांच कड्यांत शिरत नसे, आणि सूतभर लहान असली तर वाऱ्यानें ज्योत फडफडे.

कंदील मागें पडला. सह्याद्रींत कोयनेचें पाणी अडवून तें पश्चिमेकडे, पोफळीच्या भूमिगत वीजघरांत सोडण्यांत आलें आणि १९६२ पासून तेथें वीज निर्माण होऊं लागली. कऱ्हाडला खेटून वाढलेल्या मलकापुरांत आज भिंतीभिंतींवर २३० व्होल्टची वीज उभी आहे. तरी मापाचा तो जुना प्रश्न कांहीं गेला नाहीं. तो आतां टेबलावरच्या संगणकाच्या पोटांत जाऊन बसला आहे.

मुलाच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठीं म्हणा, छायाचित्रणाच्या धंद्यासाठीं म्हणा, सुटे भाग आणून संगणक घरीं जुळविण्याची चाल आतां लहान गांवांतही रुळली आहे. कॅबिनेट एका ठिकाणाहून येतें, मदरबोर्ड दुसऱ्या ठिकाणाहून, आणि साऱ्या यंत्राला वीज वांटून देणारी लोखंडी पेटी तिसऱ्या ठिकाणाहून. या पेटीला बाजारांत एस्.एम्.पी.एस्. म्हणतात. ती निवडतांना बहुतेकांची नजर तिच्यावर छापलेल्या वॅटच्या आंकड्यावर खिळते. तो आंकडा महत्त्वाचा खराच. परंतु पेटी परत पाठवावी लागते ती बहुधा लांबीमुळें, आणि यंत्र जळतें तें कित्येकदां केबलीमुळें. असें कां होतें, याचें उत्तर या पेटीच्या इतिहासांत आहे. तिचीं कांहीं मापें कोणीतरी एकदां ठरवून टाकलीं. कांहीं ठरवावयाचीं राहून गेलीं.

भिंतींतून येणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. संगणकाच्या चिपांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा थोड्या दाबाची, एकाच दिशेनें वाहणारी आणि अचल वीज लागते. पूर्वीं हें काम लोखंडी गाभ्याचा वजनदार ट्रान्सफॉर्मर करी. तो तापे, जागा अडवी आणि बरीचशी वीज उष्णतेच्या रूपानें वायां घालवी. त्यावर निघालेली युक्ति अशी कीं, आलेल्या विजेला आधीं एकदिश करावयाचें, मग सेकंदाला हजारों वेळां ती तोडावयाची व जोडावयाची. हेलकावे जितके जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. या तोडजोडीलाच स्विचिंग म्हणतात, आणि एस्.एम्.पी.एस्. या नांवांतलें पहिलें अक्षर तिचेंच आहे. अवकाशयानांत व मोठ्या यंत्रांत ही रीत १९६० नंतरच्या दशकांत वापरली जात होती. घरगुती संगणकांत तिला मानाची जागा मिळाली ती १९७७ सालीं, ॲपल टू या यंत्रांत. त्या यंत्राचें आवरण प्लॅस्टिकचें होतें आणि आंत पंखा ठेवावयाचा नाहीं असा त्याच्या कर्त्यांचा हट्ट होता. म्हणून रॉड होल्ट या तंत्रज्ञानें अवघ्या ३८ वॅटची, न तापणारी पेटी त्यासाठीं तयार केली.

परंतु पुढच्या पिढ्यांवर ठसा उमटला तो आय.बी.एम्.च्या यंत्राचा. ऑगस्ट १९८१ मध्यें तें बाजारांत आलें तेव्हां त्याची पेटी ६३.५ वॅटची, म्हणजे जुन्या पिवळ्या साठाच्या दिव्याहून किंचित् अधिक शक्तीची होती. १९८३ च्या एक्सटी यंत्रांत ती १३० वॅटची झाली आणि १९८४ च्या एटी यंत्रांत १९२ वॅटची. आय.बी.एम्.नें आपल्या यंत्राची तांत्रिक माहिती छापून प्रसिद्ध केली होती. तिच्या आधारें जगभर नकला निघाल्या, आणि नकलांबरोबर पेटीचा आकार, स्क्रूंच्या भोंकांच्या जागा, इतकेंच काय पण पेटीच्या कुशीला बसविलेलें लाल बटणसुद्धां जसेंच्या तसें पसरलें. कोणत्याही परिषदेनें हें माप मंजूर केलेलें नव्हतें. जें खपलें तें प्रमाण ठरलें. भारतांत नोव्हेंबर १९८४ मध्यें नवें संगणक धोरण जाहीर झालें आणि त्यानंतरच्या वर्षांत या जातीचीं यंत्रें येथल्या बँकांत, कचेऱ्यांत व महाविद्यालयांत दिसूं लागलीं.

त्या जुन्या पेटींत दोन खोडी होत्या. अमेरिकेंतली वीज सुमारें ११५ व्होल्टची असल्यामुळें पुष्कळ पेट्यांच्या पाठीवर ११५ व २३० असा सरकता खटका असे. तो चुकून ११५ कडे राहिला आणि बटण दाबलें, कीं एक आवाज होई आणि पेटी संपे. दुसरी खोड अधिक वाईट होती. मदरबोर्डाला वीज नेणारे दोन प्लग शेजारीं शेजारीं लावावे लागत. ते एकसारखे दिसत. अदलाबदल झाली तर मदरबोर्ड जळे. काळ्या तारा मध्यें एकमेकींशेजारीं आल्या पाहिजेत, ही खूण त्या काळच्या दुरुस्तीच्या धंद्यांत पहिल्याच दिवशीं शिकविली जाई.

१९९५ सालीं इंटेलनें ए.टी.एक्स. नांवाचें नवें मानक काढलें. दोन प्लगांच्या जागीं वीस पिनांचा एकच प्लग आला, आणि तो उलटा बसूंच नये अशी त्याच्या भोंकांची घडण ठेवण्यांत आली. पेटीच्या कुशीचें बटण गेलें. त्याऐवजीं मदरबोर्डानें खूण करावी आणि पेटीनें जागें व्हावें अशी योजना झाली. याच मानकांतली पेटी आजही बहुतेक संगणकांत असते. तिची रुंदी १५० मिलिमीटर, उंची ८६ मिलिमीटर, आणि चार स्क्रूंच्या जागा ठरलेल्या. खोली मात्र १४० मिलिमीटर लिहिली गेली ती मूळ नमुन्याची म्हणून.

सारी गोम या तिसऱ्या मापांत आहे. रुंदी आणि उंची कॅबिनेटच्या पाठीवरील चौकटीशीं जुळलीच पाहिजे, नाहींतर पेटी बसणारच नाहीं. म्हणून अधिक शक्ति हवी झाली, कीं कारखानदार पेटी आंतल्या बाजूस वाढवूं लागले. बांध हलवितां येत नाहीं तेव्हां शेतकरी विहीर खोल करतो, त्यांतलाच हा प्रकार. १४० च्या १६० झाल्या, १८० झाल्या, आणि फार मोठ्या शक्तीच्या पेट्या २०० च्याही पुढें गेल्या. त्या सर्वांच्या खोक्यांवर ए.टी.एक्स. हेंच नांव आहे आणि तें खोटेंही नाहीं.

शक्तीची भूक वाढत होती. २००० सालीं पेंटियम फोर आला आणि प्रोसेसरासाठीं बारा व्होल्टची चार पिनांची स्वतंत्र केबल पेटींतून निघाली. २००३ च्या सुधारणेंत मुख्य प्लग वीसाचा चोवीस पिनांचा झाला. ग्राफिक्स कार्डांनीं आपल्या निराळ्या केबली मागितल्या. पाहतां पाहतां पेटीच्या तोंडांतून हातभर तारांचा जुडगा लोंबूं लागला. त्यांतल्या निम्म्या तारांचें यंत्रांत कांहींच काम नसे. त्या कोठेंतरी कोंबाव्या लागत, आणि तेथें वारा अडे व धूळ सांचे.

यावरचा उपाय म्हणजे मॉड्युलर पेटी. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती रूढ झाली. तिच्या आंतल्या तोंडावर सॉकेटें असतात; जी केबल हवी तेवढीच लावावयाची, उरलेल्या पिशवींत ठेवावयाच्या. कांहीं पेट्यांत मुख्य केबल कायमची जोडलेली असते आणि बाकीच्या सुट्या. त्यांना अर्ध-मॉड्युलर म्हणतात. मुख्य केबल कोणत्याही यंत्राला लागतेच, हें ध्यानांत घेतलें तर साध्या घराला ही अर्धी सोय पुष्कळदां पुरेशी आहे. पूर्ण मॉड्युलरचा मोह पुष्कळसा डोळ्यांचा असतो.

मॉड्युलर पेटीनें तारांचा गुंता सोडविला आणि राहून गेलेलें माप मात्र उघड्यावर आणलें. सॉकेटांत शिरलेला प्लग पेटीच्या तोंडापुढें उभा राहतो, आणि त्यांतून निघालेली जाड केबल लगेच काटकोनांत वळत नाहीं. तेव्हां १६० मिलिमीटरच्या पेटीला प्रत्यक्षांत दोनशेंच्या आसपास जागा लागते. पूर्वीं पेटी कॅबिनेटच्या माथ्याशीं बसे; आतां ती तळाशीं बसते, आणि तिच्या समोर हार्ड डिस्कचा पिंजरा असतो. कॅबिनेटच्या माहितींत पेटीची कमाल लांबी दिलेली असते खरी, पण ती पिंजरा काढल्यावरची कीं ठेवल्यावरची, केबलीसकट कीं केबलीखेरीज, हें वाचून पाहिल्याविना ती संख्या निरुपयोगी आहे. पेटी आंत जाते आणि प्लग लावावयास हात जात नाहीं, असा अनुभव येतो तो येथेंच. मलकापुरासारख्या गांवीं पेटी कुरियरनें मागवावी लागते. पंचवीस मिलिमीटरांची चूक म्हणजे आठ-पंधरा दिवसांचा खोळंबा आणि परतीचा भुर्दंड. टेप घेऊन कॅबिनेटच्या मागच्या भिंतीपासून पिंजऱ्यापर्यंत आधीं मोजणें, हें काम पांच मिनिटांचें आहे.

लहान कॅबिनेटांसाठीं एस्.एफ्.एक्स. हें धाकटें माप निघालें: १२५ मिलिमीटर रुंद, ६३.५ उंच आणि १०० खोल. त्याच्याच लांबट भावंडाची खोली १३०. पत्र्याची एक पट्टी लावली तर ही धाकटी पेटी मोठ्या चौकटींत बसते; मोठी पेटी लहान चौकटींत बसविण्याचा उपाय अर्थातच नाहीं. मात्र धाकटीच्या केबली आंखूड असतात. मोठ्या कॅबिनेटांत ती घातली तर प्रोसेसरापर्यंत तिचा हात पोंचत नाहीं.

लांबीची चूक पैशांनीं निस्तरते. दुसरी चूक तशी निस्तरत नाहीं. केबलीचें जें टोंक मदरबोर्डांत किंवा डिस्कमध्यें जातें तें प्रमाणित आहे; जें टोंक पेटींत जातें तें कोणीच प्रमाणित केलेलें नाहीं. कोणत्या भोंकांत १२ व्होल्ट, कोणत्यांत ५ व्होल्ट आणि कोणतें रिकामें, हें प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीनें ठरवितो, आणि एकाच कारखान्याच्या दोन पिढ्यांतही तें बदललेलें आढळतें. जुनी पेटी बिघडली, नवी आणली, आणि आधींच नीट बांधलेल्या केबली तशाच ठेवून नव्या पेटींत खोंचल्या, तर त्या पुष्कळदां सहज बसतात. बटण दाबतांच जेथें पांच व्होल्ट जावयाचे तेथें बारा जातात आणि हार्ड डिस्क मरते. डिस्क बाजारांत दुसरी मिळते. तींत सांठविलेलीं लग्नामुंजीचीं छायाचित्रें, धंद्याचे हिशेब, मुलाचा प्रबंध हीं बहुधा परत मिळत नाहींत. कंदिलाची न बसणारी कांच निदान फसवीत तरी नसे! १९८१ च्या दोन प्लगांची जी खोड १९९५ सालीं मदरबोर्डाच्या बाजूनें काढून टाकली, तीच मॉड्युलर पेटीच्या बाजूनें पुन्हां आंत शिरली.

अलीकडचा अध्याय ग्राफिक्स कार्डाचा आहे. २०२२ च्या ए.टी.एक्स. ३.० मानकांत एकाच लहान प्लगांतून ६०० वॅटपर्यंत वीज नेण्याची सोय झाली. त्याच वर्षाच्या शरद ऋतूंत हे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या. तपासांत असें दिसलें कीं, पुष्कळ ठिकाणीं प्लग पुरता आंत बसलेला नव्हता. रुंद कार्ड, त्यापुढें उभा प्लग आणि लगेच कॅबिनेटची कांचेची बाजू, अशा अडचणींत केबल मुळापाशींच वांकवावी लागे, आणि अशा ताणानें प्लग ढिला होण्याची भीति राही. २०२३ च्या सुधारणेंत प्लगांतल्या खुणेच्या पिना आंखूड करण्यांत आल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला असेल तर कार्डाला वीज मिळूंच नये. येथेंही प्रश्न पुन्हां कांहीं मिलिमीटरांचाच होता. तेव्हां कॅबिनेट निवडतांना पेटीच्या लांबीबरोबर कार्डाच्या कडेपासून बाजूच्या कांचेपर्यंतचें अंतरही मोजावें लागतें.

पेटीकडील टोंकाचें मानक अद्याप झालेलें नाहीं. कांहीं कारखान्यांनीं आपल्या केबलीवरच प्रकाराचा क्रमांक छापण्यास आरंभ केला आहे. कपाटांतल्या पिशवींत पडलेली केबल कोणत्या पेटीची, हें ओळखण्यास सध्यां तेवढीच एक खूण आहे.