कोळशाच्या रेघा

आजी लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. पाटी नव्हती, बाकडी नव्हती. एकाच खोलीत पंगत, तीही दोन पाळ्यांत, कारण जेवणारे पाळीवाले. सगळे मालवणाकडचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. बहुतेक गिरणीत, दोघे गोदीत हमाल. पैसे पगाराला. आजीला लिहिता येत नसे; मोरीजवळच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावाने कोळशाच्या रेघा असत.

लढाईच्या गोष्टी ती पुष्कळ सांगे, पण त्यांत सैनिक क्वचितच. आजोबा साचेखात्यात. गिरण्या रात्रंदिवस चालत, खाकीचे तागेच्या तागे निघत. "कापड गेला लढायेक, कापूस रवलो ह्यांच्या छातीत," एवढंच ती म्हणायची. आजोबांचा खोकला मी लहानपणी ऐकलेला आहे.

१९४३मध्ये मुंबईत रेशन आलं. आपण भात कधीच कमी वाढला नाही, फक्त आमटीत पाणी वाढवलं, असा तिचा दावा. आमटीचं मला पटतं.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज लागलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्या. ही शेजारणी एकत्र नांदवू नयेत, हे चूल पेटवणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. दुपारी आग लागली. चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. लालबागेत आजीच्या फळीवरची पितळी भांडी खाली आली. तिला वाटलं, जपानी आले.

रात्री पंगत बसली. गोदीतले दोघे नव्हते. आजीने त्यांची ताटं वाढून झाकून ठेवली. सकाळी तो भात चाळीतल्या पोरांनी खाल्ला. रेशनचं अन्न टाकायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी एकजण आला. त्याच्याशी ओरडून बोलावं लागे. दुसरा आला नाही. मुकादमाकडे विचारायला आजोबा दोनदा गेले. गावी पत्रही त्यांनीच लिहिलं.

आग विझवताना गेलेल्या ६६ अग्निशामकांना दरवर्षी १४ एप्रिलला मानवंदना दिली जाते, आणि ती त्यांच्या हक्काचीच आहे. पण ज्यांच्या पाठीवरून लढाईचा माल चढला-उतरला, त्या हमालांपैकी कितीजण त्या दिवशी गेले? मेलेल्यांचा एकूण आकडासुद्धा वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळा सापडतो. आमच्या त्या माणसाच्या रेघा आजीने पुसल्या नाहीत; पुढच्या दिवाळीच्या चुन्याखाली त्या आपोआप गेल्या.

त्याच जहाजावर सोनंही होतं. त्याची नोंद चोख आहे: ३१ पेट्या, प्रत्येकीत चार विटा, एकूण १२४.