रशियन उच्चार आणि आमची जीभ

शुद्ध बोलणे म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या वाट्याला फार लवकर आला. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर जऊळका हे आमचे स्टेशन. आमच्या वस्तीच्या बोलीत 'ण' नव्हता, 'ळ'ही नव्हता. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोया, मला म्हणजे मले. खरे तर हे सगळ्या वऱ्हाडाचेच बोलणे. कुणब्या-माळ्यांच्या घरीही तेच. पण शाळेत वाचायला उभे राहिले की त्यांचे 'पानी' नुसतेच गावंढळ ठरे, आमचे 'पानी' मात्र जातीचा पुरावा ठरे. एका गुरुजींनी ह्या एका शब्दासाठी मला तासभर उभे ठेवले होते. शेवटी 'ण' आला. पण त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडायची भीती बसली, ती बसलीच.

म्हणून १९८३ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, नागपुरात रशियन भाषेच्या संध्याकाळच्या वर्गात मी नाव घातले तेव्हा मित्रांना नवल वाटले. चळवळीतल्या काहींना संशयही आला. 'कम्युनिस्ट झालास की काय?' असे एकाने तोंडावर विचारले. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स ह्यांची तुलना करून आपला मार्ग स्पष्ट केला होता. तो मी विसरलो नव्हतो. माझे कारण साधे होते. मॉस्कोत छापलेली, चार-दोन रुपयांना मिळणारी मराठी भाषांतरे मी वाचली होती आणि मूळ पुस्तके वाचायची होती. भाषा शिकायची म्हणजे ती बोलावीही लागते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात एक स्वर आडवा आला. देवनागरीत त्याला अक्षर नाही. ओठ 'ई' म्हणताना फाकतात तसे फाकवायचे आणि जीभ मात्र मागे ओढायची. आमच्या वर्गात एक निवृत्त इंजिनिअर होते, संस्कृत घेऊन बी.ए. झालेली एक मुलगी होती, दोन वकील होते. कोणाच्याही तोंडून तो स्वर निघेना. रशियनमध्ये 'असणे' आणि 'मारणे' ह्या दोन क्रियापदांत ऐकताना फरक काय तो ह्या स्वराचा. एक 'मी आहे' म्हणायच्या तयारीचे, दुसरे मारहाणीचे. पंधरा दिवस आम्ही सगळे असण्याच्या जागी मारतच होतो. शिक्षक हसत, पुन्हा म्हणायला लावत, उभे मात्र कोणाला ठेवत नसत. ज्यांच्या घरी चार पिढ्या शुद्ध उच्चारात गेल्या ते आणि मी एकाच ओळीत अशुद्ध आहोत, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच दिसले. त्या दिवशी झालेला आनंद फारसा उदात्त नव्हता, हे कबूल करतो.

हळूहळू आणखी गमती उघड झाल्या. इंग्रजीच्या वाटेने आल्यामुळे आपण मराठीत 'टॉलस्टॉय' लिहितो. रशियन माणूस 'तल्स्तोय' म्हणतो. त्याचा 'त' आपल्या 'ताक'मधल्या 'त'सारखा दातांवरचा. ज्यांचे इंग्रजी पक्के होते त्यांची जीभ सारखी 'ट'कडे वळे. 'चाक' म्हणताना आपण जो 'च' काढतो तो रशियनमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आहे, आणि 'चार'मधला 'च' दुसरे अक्षर म्हणून. हिंदी भाषकाला पहिला मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला तो आयता मिळतो. त्यांचा एक 'ख' घशात घासून काढावा लागतो. गावातल्या उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांमुळे तो मला लहानपणापासून येत होता. वर्गातल्या त्या वकिलांना तो महिनाभर आला नाही.

सर्वांत अवघड म्हणजे आघात. शब्दाच्या कोणत्या अवयवावर जोर द्यायचा ह्याचा सोपा नियम रशियनमध्ये नाही, आणि जोर हलला की अर्थ हलतो. 'मुका' हाच शब्द घ्या. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर यातना, दुसऱ्यावर दिला तर पीठ. आपल्याकडे मुका म्हणजे ज्याला वाचा नाही तो. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'चे वाचक आपण. मला तो शब्द पाठ करावा लागला नाही.

शिवाय जोर नसलेला 'ओ' लिहिताना 'ओ'च राहतो, बोलताना 'अ' होतो. हा मॉस्कोचा उच्चार, आणि मॉस्कोचा म्हणून तो प्रमाण. उत्तरेकडच्या खेड्यांतून, व्होल्गाकाठच्या काही भागांतून लिहिल्याप्रमाणे 'ओ'च बोलत आणि शहरात त्यांना हसत. मॅक्सिम गोर्की निझ्नी नोव्हगोरोदचा. त्याच्या बोलण्यातला हा 'ओ' शेवटपर्यंत गेला नाही. आपण अण्णाभाऊंना मराठीतले गोर्की म्हणतो तेव्हा दोघांचे दारिद्र्य आठवतो. गोर्कीची जीभही 'अशुद्ध' होती, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

ह्या भाषेचे व्याकरण कोणी लिहिले ते पाहू गेलो तर मिखाईल लमानोसफ भेटला. आपल्याकडे लोमोनोसोव्ह लिहितात. १७११ साली उत्तरेत खल्मागोरीजवळ जन्मलेला, मासेमारी करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. मासळी घेऊन निघालेल्या गाड्यांच्या तांड्याबरोबर तो मॉस्कोला आला आणि १७३१ साली तिथल्या विद्यालयात दाखल झाला. शेतकऱ्यांच्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता, म्हणून आपण सरदाराचा मुलगा आहोत असे त्याने खोटेच सांगितले. पुढे त्याने १७५५ साली लिहिलेले रशियन व्याकरण ही त्या भाषेच्या अभ्यासाची पायाभरणी ठरली. खोटी जात सांगून ज्ञान घ्यावे लागणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याची खोली शोधली आहे त्यांना समजावून सांगायला नको. फरक एवढाच की त्याच्या शिवण्याने कोणी विटाळत नव्हते. गोऱ्या कातडीच्या गरिबाला जे एका खोट्याने साधले ते आपल्याला दहा खोट्यांनीही साधत नाही.

आता आपल्या माणसांकडे वळतो. मराठी माणसाने प्रौढपणी रशियन शिकण्याचे ठळक उदाहरण म्हणजे धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातल्या साखवळचा. ऐन तारुण्यात घर सोडून संस्कृतसाठी पुणे-काशी, पुढे पालीसाठी कोलंबो असे ते भटकले. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनावर काम करायला गेले तेव्हा चौतिशीत होते. तिथेच त्यांनी रशियनचा अभ्यास केला आणि मार्क्सवादही वाचला. १९२९ साली ते पाली शिकवायला लेनिनग्राडला गेले. बौद्ध विद्येसाठी ही भाषा किती महत्त्वाची होती ह्याची आपल्याकडे कल्पना नसते. बौद्ध ग्रंथांची 'बिब्लिओथेका बुद्धिका' ही माला सेंट पीटर्सबर्गमध्ये १८९७ पासून निघत होती, आणि बौद्ध न्यायाचा मोठा अभ्यासक श्चेर्बात्स्की कोसंबींच्या वेळी त्याच शहरात काम करीत होता. नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याने रशियन शिकावे ह्याला मार्क्सच्याही आधीचे हे कारण आहे, असे मी त्या संशयी मित्राला सांगितले. त्याला ते अर्धेच पटले.

पण इथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. कोसंबींना काशीच्या शास्त्र्यांकडे बसून संस्कृत शिकता आले. भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या जिद्दीने मिळवले. प्रौढपणी भाषा शिकणे हा एकाचा शोध होता, दुसऱ्याची वसुली होती. कोसंबींबद्दल आदर ठेवूनच मी हे म्हणतो. परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारणारा माणूस होता तो.

अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियात गेले ते ह्यातले काहीच न शिकता. स्टालिनग्राडवर पोवाडा रचणाऱ्या ह्या शाहिराने तिथला प्रवास दुभाष्याच्या आधाराने केला आणि परत येऊन 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. त्यांचे नाव रशियन लिपीत लिहायचे तर 'भ'साठी 'ब' आणि 'ख' अशी दोन अक्षरे जोडतात, 'ठ'साठी 'त' आणि 'ख'. रशियन जिभेला आपले महाप्राण नाहीत. अण्णाभाऊंचे नाव तिथे कोणीही नीट उच्चारत नसेल, आणि त्यामुळे त्या लोकांना कोणी असंस्कृत म्हणत नाही.

रशियन शिकताना मला सर्वांत जास्त काय मिळाले असेल तर एक सर्वनाम. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखीच त्यांचीही दोन सर्वनामे आहेत. झारच्या सैन्यात अधिकारी शिपायाला 'तू'च म्हणे आणि शिपायाने मात्र लांबलचक बिरुदे लावून बोलायचे. फेब्रुवारी क्रांतीनंतर १ मार्च १९१७ रोजी, नव्या पंचांगाप्रमाणे १४ मार्चला, पेत्रोग्राद सोव्हिएतने आदेश क्रमांक १ काढला. त्यात शिपायांच्या समित्या, शस्त्रांचा ताबा असल्या मोठ्या गोष्टींबरोबर हेही एक कलम होते, की शिपायाशी उर्मटपणे वागायचे नाही, विशेषतः त्याला 'तू' म्हणायचे नाही, बिरुदेही रद्द. साम्राज्य कोसळत असताना ह्या माणसांना सर्वनामाची आठवण राहिली. आमच्या आजोबांना सावकाराचा शेंबडा पोरगाही 'अरे-तुरे' करीत असे. 'तुम्ही' मिळावे असा ठराव आपल्याकडे कोणत्या सभेने केला? आमच्या रशियन वर्गात शिक्षक सर्वांना 'तुम्ही' म्हणत. आणि हाक मारायची ती आडनावाने नव्हे, नाव आणि वडिलांचे नाव जोडून. तशी रशियन पद्धतच आहे. वडिलांचे नाव आपणही लावतोच. पण आपल्याकडे सगळ्यांचे लक्ष असते ते त्यानंतर येणाऱ्या आडनावावर.

१९१९ च्या डिसेंबरात लेनिनच्या सरकारने आठ ते पन्नास वर्षे वयाच्या प्रत्येक निरक्षराने लिहा-वाचायला शिकावे असा हुकूम काढला. त्या काळी प्रौढांसाठी काढलेल्या अंकलिपीतला गाजलेला धडा 'आम्ही' आणि 'गुलाम' ह्या दोन शब्दांवर, गुलामी नाकारण्यावर होता. हे दोन्ही शब्द रशियनमध्ये ज्या स्वरावर संपतात तो तोच, माझ्या जिभेला न जमणारा स्वर. हे कळल्यावर मी तो जास्त चिकाटीने घोकला. अर्थात ह्याच राज्याने १३ मार्च १९३८ रोजी सर्व बिगर-रशियन शाळांत रशियन सक्तीची केली आणि त्याच सुमारास कित्येक भाषांच्या लिप्या बदलून टाकल्या. मुक्तीची भाषा मालकाची भाषा व्हायला वीस वर्षेही पुरली. ही बाजू वर्गात शिकवली गेली नाही. मी ती पुष्कळ पुढे वाचली.

त्या वर्षीच्या दिवाळीत गावी जाताना मीटरगेजच्या डब्यात मी तोंडातल्या तोंडात शब्द घोकत होतो. समोरच्या बाईने पोराला जवळ ओढून घेतले. घरी आलो तर मायने विचारले, 'काय शिकून रायला रे तिकडे?' मी सांगितले. ती म्हणाली, 'मंग पान्याले काय म्हनते ते लोकं?'

रशियनमध्ये पाण्याचा शब्द लिहिताना पहिल्या अक्षरात 'ओ' आहे, जोर शेवटी. अक्षरे वाचून शिकणारे 'वोदा' म्हणतात. मीही दोन महिने तेच म्हणत होतो आणि शिक्षक दर वेळी दुरुस्त करीत होते. मी मायला एकदा बरोबर म्हणून दाखवले.

'वदा,' ती म्हणाली. जोर शेवटी, 'व'मध्ये 'ओ'चा मागमूस नाही. पुन्हा म्हण म्हटले तर पुन्हा तसेच. तिला अक्षर येत नव्हते, त्यामुळे चुकायला तिच्याजवळ काही नव्हते. मग ती उठली आणि माठातला पेला भरून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, 'घे, वदा पे.'